फोटोतला रंग

त्या पोस्टखाली सत्तेचाळीस कमेंट्सचा आकडा होता आणि मोजल्यावर त्या सेहेचाळीस भरत होत्या.

हे माझ्या नव्हे, आत्तींच्या लक्षात आलं. सासूबाईंना आम्ही दोघी जावा आत्ती म्हणायचो. दुपारचं जेवण झालं की त्या चष्मा लावून टॅब मांडीवर घ्यायच्या आणि आमच्या पेजवरची प्रत्येक कमेंट मोठ्याने वाचायच्या. एक वाचून झाली की सुपातला एक शेंगदाणा वाटीत. शाळा चौथीपर्यंत झालेली. मोजायची ही पद्धत त्यांची त्यांनीच काढली होती. मी नोकरी करत होते त्या प्रयोगशाळेतल्या काही पद्धतींपेक्षा ती भरवशाची होती.

"विनया, एक कमी पडतीय गं."

"तुम्ही खाल्ला असेल शेंगदाणा."

"खाल्लेला मला कळत नाय व्हय? चार दात हायत माझे. खाल्ला तर गल्लीला ऐकू जातंय."

समोर बसून डब्यांना लेबलं चिकटवणाऱ्या माझ्या मोठ्या जाऊबाई, जयमाला वहिनी, हसल्या. मीही हसले. "आकडा मागेपुढे होतो कधी कधी, आत्ती," मी म्हणाले.

आकडा मागेपुढे होत नाही, हे मला माहीत होतं. एक कमेंट कमी दिसते तेव्हा ती कुठेतरी असते.

आजऱ्यात श्रावणातला मंगळवार होता तो. भिंतींना ओल आली होती, काडेपेटीतल्या काड्या पेटत नव्हत्या. मागच्या खोलीत मोड आलेली नाचणी चादरींवर पसरून वर दोन पंखे लावले होते. त्या पंख्यांचा आवाज दिवसभर घरभर असायचा, इतका की बंद झाले तरच जाणवायचा.

आमचा धंदा नाचणीच्या सत्त्वाचा. नाव 'समरची वाटी'. समर हा वहिनींचा मुलगा. जन्मला तेव्हा दीड किलोचा होता आणि आत्तींनी त्याला मोडाच्या नाचणीच्या पेजेवर वाढवला. वहिनींनी त्याचा सहा महिन्यांचा आणि वर्षाचा फोटो शेजारी शेजारी ठेवून पेज सुरू केलं आणि ते धावायला लागलं. मी मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. केलेली, लग्नाआधी मिरजेला एका डेअरीच्या प्रयोगशाळेत होते. आजऱ्यात तसलं काम नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "तू शिकलेली हायस, पेज तूच बघ." मी बघायला लागले. दीड वर्षात दोन हजारांचे तेवीस हजार लोक झाले. लोकांना दिसायच्या त्या वहिनी, इरकल नेसलेल्या, हसऱ्या. मी फोनच्या मागे असायचे. मला ते बरं वाटायचं.

आत्ती झोपल्यावर मी लपवलेल्या कमेंट्सची यादी उघडली.

ही यादी कशी तयार झाली तेही सांगायला हवं. कोल्हापूरला मी ऑनलाइन मार्केटिंगच्या दोन दिवसांच्या वर्गाला गेले होते. शिकवणारा तरुण, चांगला बोलणारा होता. तो म्हणाला, वाईट कमेंट काढून टाकू नका. लिहिणारा चिडतो आणि दुसरीकडे जाऊन लिहितो. ती लपवा. लपवलेली कमेंट लिहिणाऱ्याला स्वतःला दिसत राहते, त्याच्या ओळखीतल्यांना दिसते, बाकी कुणाला नाही. त्याला वाटतं आपण बोललो. "बंद खोलीत बोलू दे की त्याला," तो म्हणाला, आणि वर्ग हसला. काही शब्द आधीच देऊन ठेवले तर त्या शब्दांच्या कमेंट्स आपोआप लपतात, हेही त्यानेच दाखवलं.

घरी येऊन मी शब्द भरले. वास, कुबट, बुरशी, कीड, अळी, उलटी, जुलाब, फसवणूक. मग त्यांची अशुद्ध रूपं, मग इंग्रजी अक्षरांत लिहितात ती रूपं. एकूण चौसष्ट. यादी पूर्ण झाली तेव्हा मला काम नीट केल्याचं समाधान वाटलं होतं. सुरुवातीला मी रोज तपासायचे. पण 'वास इतका छान आहे' असं लिहिणाऱ्या बायकाच तिथे अडकत होत्या, म्हणून मी तपासणं सोडलं.

जूनअखेरपर्यंत तिथे चार कमेंट्स होत्या, चारही निरुपद्रवी. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत एकोणीस. लिहिणाऱ्या अकरा जणी. कुणी लातूरची, कुणी चाकणची, कुणी निपाणीची. एकमेकींना ओळखणाऱ्या नाहीत. प्रत्येकीने जवळपास एकच गोष्ट विचारली होती आणि प्रत्येकीला वाटत होतं की विचारणारी ती एकटीच आहे.

पाच कमेंट्स एकाच बाईच्या होत्या. वर्षाराणी तोडकर. फोटोत तिचं बाळ, गालावर काजळाची तीट लावलेलं. ते शब्द मला आज सात वर्षांनीही जसेच्या तसे आठवतात, कारण त्या दुपारपर्यंत आमच्या घरात ते कुणीच वाचले नव्हते.

पहिली: "ताई, या वेळच्या सत्त्वाला थोडा वास येतोय का? बाकी कुणाला आला का?"

चार दिवसांनी: "आमच्या अंशूला दोन दिवस उलट्या होतायत. सत्त्वामुळे नसेल, पण कुणाला असं झालंय का?"

मग: "उलट्यांबद्दल इनबॉक्समध्ये विचारलं होतं, तुमचं उत्तर आलं, धन्यवाद. एक चमच्यावर आणलंय."

मी इनबॉक्स उघडला. तिला उत्तर गेलं होतं, ते मीच मार्चमध्ये लिहून ठेवलेलं होतं. 'बाळ', 'त्रास' असे शब्द आले की आपोआप जाणारं: "ताई, नवीन आहाराची सवय व्हायला बाळाला वेळ लागतो. सुरुवातीला एक चमचा द्या, हळूहळू वाढवा. – तुमची जयमालाताई." तिने त्याखाली हात जोडले होते.

चौथी: "आज परत दोन चमचे दिले. परत उलटी."

पाचवी आदल्या दिवशीची, आत्तींच्या शेंगदाण्यांत न भरलेली: "एवढ्या सगळ्यांच्या कमेंट वाचल्या, सगळ्यांची बाळं छान आहेत. कुणाचीच उलटीची तक्रार नाही. म्हणजे माझंच करण्यात काहीतरी चुकत असेल. चालू ठेवते."

मी टॅब घेऊन वहिनींकडे गेले. त्यांनी डोळ्यांवर आलेले केस मनगटाने मागे सारले, पाचही कमेंट्स वाचल्या आणि टॅब परत दिला.

"पावसाळा हाय, विनया. पोरं ओकतात."

"अकरा जणी आहेत, वहिनी."

"तेवीस हजारांत अकरा."

"तेवीस हजार बघणारे आहेत. जुलैत डबे गेले चारशे. लिहिणाऱ्या अकरा. न लिहिणाऱ्या किती, ते आपल्याला माहीत नाही."

"हे बघ, तुझ्या तोंडात आकडे आले की मला भीती वाटती." त्या हसायचा प्रयत्न करत होत्या. "पाणी खराब आलं असंल त्यांच्याकडं. शनिवारी लाइव्ह हाय. त्या पुण्याच्या मॅडम बघणार हायत. बारा दुकानं हायत त्यांची, बारा. त्याच्या आधी काय काढू नको."

"निदान हिला तरी कळवू या. थांबवा म्हणून."

"लिहून?" त्यांनी लेबलाचा कागद खाली ठेवला. "लिहून दिलं की ती ते सगळ्यांना दाखवणार. पहिलं खात्री कर. तूच म्हणतीस न्हवं, खात्री केल्याशिवाय बोलायचं नाही?"

मी तसं म्हणायचे, हे खरं होतं.

मग मी खात्री करायला घेतली. मला तेवढंच येत होतं.

डेअरीतली एक सवय माझी सुटली नव्हती. प्रत्येक घाण्यातलं मूठभर पीठ मी पुडीत बांधून, तारीख घालून वरच्या कपाटात ठेवायचे. बुधवारी सकाळी मार्चची पुडी आणि जुलैची पुडी काढली. दोन स्वच्छ, कोरड्या बाटल्यांत दोन्ही पिठं घातली, झाकणं लावली आणि बाटल्या कढत पाण्यात उभ्या केल्या. वीस मिनिटांनी मार्चच्या झाकणाला आतून काही नव्हतं. जुलैच्या झाकणावर सात थेंब होते. भाजून, दळून डब्यात गेलेलं पीठ इतकं ओलं राहायला नको होतं.

मग तीन बाटल्यांत उकडलेल्या बटाट्याची एकेक चकती ठेवून त्या कुकरमध्ये वाफवल्या. गार झाल्यावर पहिलीत काही घातलं नाही. दुसरीत मार्चचं चिमूटभर पीठ. तिसरीत जुलैचं. तिन्ही लोणच्याच्या बरण्यांमागे ठेवल्या.

आत्ती दारात उभ्या होत्या. "बटाट्याचं लोणचं घालतीस का काय?"

"प्रयोग आहे, आत्ती."

"कशाचा?"

"काही नाही. सहज."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "सहज करणारी बाई नव्हंस तू," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

बुधवारी संध्याकाळी वर्षाराणीने काही लिहिलं नाही. मी सहा वेळा बघितलं. गुरुवारीही नाही. तिला इनबॉक्समध्ये मी तीनदा मजकूर लिहिला. 'ताई, काही दिवस सत्त्व बंद ठेवा.' खाली 'तुमची जयमालाताई' हे नाव आपोआप यायचं. दुसऱ्याच्या नावाने असं काही पाठवण्याचा मला हक्क आहे का, हा प्रश्न मी स्वतःला विचारत राहिले आणि मजकूर पुसत राहिले. आज मला कळतं की प्रश्न बरोबर होता आणि तो मी लपायला वापरत होते.

त्याच गुरुवारी, सकाळी नऊला, मी महिन्याच्या सुरुवातीला वेळ लावून ठेवलेली पोस्ट आपोआप पेजवर गेली: "पावसाळा असो की उन्हाळा, बाळाच्या पोटाला मऊ, समरची वाटी." तासाभरात तीनशे लोकांना आवडली. आत्तींनी दुपारी शेंगदाणे घेतले. मी ऐकत बसले. "लई मस्त." "आमच्या परीला फार आवडतं." "ताई, तुमची साडी कुठली?" एकेक दाणा वाटीत पडत होता.

"आज दोन कमी हायत," आत्ती म्हणाल्या. या वेळी त्यांनी मला काही विचारलं नाही.

शुक्रवारी सकाळी तिसऱ्या बाटलीत पांढरट धुकं धरलं होतं.

मी बाटली उजेडात धरून उभी होते आणि आत्ती मागून आल्या. त्यांनी बाटलीकडे बघितलं, मग शेजारी उघड्या असलेल्या जुलैच्या पुडीकडे. पुडीतलं पीठ त्यांनी चिमटीत घेतलं, तळहातावर चोळलं, नाकाशी नेलं.

"भाजल्यालं नाय हे."

"भाजलंय, आत्ती. वहिनी भाजतात ना."

"ऊब दिलीय निस्ती. भाजणं म्हंजे दाणा कढईत तडतडला पाहिजे. मोड करपून गळला पाहिजे. पिठाला मातीवानी रंग याला पाहिजे. हे बघ की." त्यांनी तळहात माझ्यापुढे धरला. पीठ फिकट गुलाबी होतं, पावडरीसारखं. "समरला मी असलं दिलं असतं तर आज समर नसता. मी जयमालाला बोलले दोनदा. ती म्हणती, आत्ती, गिऱ्हाइकाला फोटोवानी पाहिजे."

"फोटोवानी?"

"तुझ्या फोटोवानी."

मी आत जाऊन फोन घेतला आणि फेब्रुवारीतला तो फोटो शोधला. खिडकीत ठेवलेली पितळी वाटी, तिच्यात सत्त्व. पेजचा मुख्य फोटो, आणि पुढे लेबलवरही तोच. त्याच्या खाली फोनमध्ये मूळ फोटो होता, मी न बदललेला. मूळ फोटोत पीठ तपकिरी होतं, ओल्या मातीसारखं. ते मला जरा मरगळलेलं वाटलं होतं. मी उजेड वाढवला होता, तपकिरी उतरवला होता. तीन-चार वेळा बोट सरकवलं असेल. पीठ फिकट गुलाबी झालं होतं.

एप्रिलमध्ये कमेंट्स यायला लागल्या. 'फोटोत छान आहे, आलेलं काळपट आहे.' 'फोटोसारखं नाही.' त्या मी लपवल्या नव्हत्या. रंग हा शब्द माझ्या चौसष्टांत नव्हता. मी वहिनींना म्हणाले होते, "रंगाच्या तक्रारी येतायत. बघा, काही करता येतं का." मला वाटलं होतं त्या फोटो बदलायला सांगतील. त्यांनी पीठ बदललं. मे महिन्यात ते चालून गेलं, कारण उन्हात दाणा मुळातच खडखडीत वाळत होता. जुलैत खोलीत पंख्याखाली वाळलेला दाणा, वर नुसती ऊब. माझ्या एका बोटापासून त्या तळहातापर्यंत सगळं सरळ रेषेत होतं. मधे कुणीही वाईट हेतूने काही केलं नव्हतं.

मी वहिनींना मागच्या खोलीत गाठलं. त्या गुडघ्यांवर बसून नाचणी खालीवर करत होत्या. पंख्यांच्या आवाजात मला जोरात बोलावं लागलं.

"वहिनी, बाटलीत बुरशी आलीय. जुलैच्या पिठात."

"बटाट्याला येणारच की बुरशी."

"नुसत्या बटाट्याला नाही आली. मार्चच्या पिठाला नाही आली."

"पेज उकळून देतात विनया. उकळल्यावर मरत नाय व्हय?"

"बुरशी मरते. ती जे मागे सोडते, ते उकळून जाईलच असं नाही."

त्यांचे हात थांबले. मग त्यांनी जे म्हटलं ते हळू म्हटलं, मला त्यांच्या ओठांवरून समजून घ्यावं लागलं.

"बारावी नापास म्हणून सोळा वर्षं ऐकलं मी ह्या घरात. नंदांच्या लग्नात मला पंगतीत वाढायला पुढं करायची, फोटोत नाय. आता त्याच माझा फोटो पाठवतात इकडंतिकडं. उद्याचा एक दिवस जाऊ दे. उद्या मॅडमनी बघू दे. सोमवारपासून मी सगळं परत भाजते, काळं कुळकुळीत भाजते. जुने डबे गुपचूप परत मागवू. नवीन पॅकिंग आलंय म्हणू."

"आणि तोवर?"

"तोवर दोन दिवस हायत, विनया. दोन दिवसांनी काय होतंय?"

मी 'नाही' म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "बरं."

मला स्वतःशी सांगायला कारणं भरपूर होती. एकच नमुना. प्रयोगाची पुनरावृत्ती नाही. बुरशीची जात माहीत नाही, आणि उलट्यांचं कारण दुसरंही असू शकतं. यातलं एकही खोटं नव्हतं.

शुक्रवारी चार वाजता वर्षाराणीची सहावी कमेंट आली आणि आली तशी लपली. "उलट्या थांबेनात. डॉक्टर दाखल करा म्हणाले. सलाईन लावायचंय. निघतोय. डबा सोबत घेतलाय, तो दुसरं काही तोंडात घेत नाही."

वाक्य मी पुन्हा वाचलं. डबा सोबत घेतलाय. त्या दवाखान्यात डॉक्टर विचारतील, काय खातो, आणि ती अभिमानाने सांगेल, नाचणीचं सत्त्व. कुठलाही डॉक्टर म्हणेल, छान, चालू ठेवा.

शनिवारी सकाळी तिसऱ्या बाटलीत बटाटा दिसत नव्हता. पांढऱ्यावर करडा आणि करड्यावर हिरवा थर चढला होता. दुसरीत टाचणीच्या डोक्याएवढा एक ठिपका. पहिली स्वच्छ. मी तिन्हींवर तारीख आणि वेळ लिहिली. मग शब्दांची ती यादी उघडली आणि एकेक शब्द काढायला लागले. वास. कुबट. बुरशी. चौसष्ट वेळा मला विचारलं गेलं की हा शब्द काढायचा का, आणि चौसष्ट वेळा मी हो म्हटलं. बोलायच्या ऐवजी मी हे केलं. मला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी लिहील, सगळ्यांना दिसेल, आणि मला बोलावं लागणार नाही.

अकराला लाइव्ह होतं. वहिनींनी हिरवं इरकल नेसलं होतं. समोर गॅसवर पातेलं, पितळी वाटी, तुपाचं भांडं. फोन स्टँडवर, फोनच्या मागे मी. वहिनींच्या शेजारी पाटावर आत्ती, मांडीवर टॅब, बाजूला शेंगदाण्यांचं सूप. हा आमचा नेम होता: वहिनी करून दाखवायच्या आणि आत्ती येणाऱ्यांची नावं आणि त्यांचं लिहिणं मोठ्याने वाचायच्या. निम्मे लोक आत्तींसाठीच यायचे.

"नमस्कार मैत्रिणींनो," वहिनी म्हणाल्या. "आजचा विषय, पावसाळ्यात बाळाचं पोट."

"सुरेखा आलीय साताऱ्याची," आत्तींनी सुरू केलं. "ये बाई, बस. शबाना आलीय. काय गं, पोरगी चालाय लागली का? पुण्याच्या कुणी मॅडम हायत, त्यांनी अंगठा दाखवलाय."

"आशीर्वादाचा हाय तो, आत्ती," वहिनी हसून म्हणाल्या. चारशे दहा लोक बघत होते. मग चारशे ऐंशी. वहिनींनी दोन चमचे सत्त्व पाण्यात कालवलं. गुलाबी रंग स्क्रीनवर सुंदर दिसत होता, अगदी फोटोसारखा.

"गुठळी होऊ द्यायची नाही. मंद आच. बाळाची तब्येत नाजूक असली तरी..."

"थांब जयमाला, एकीनं विचारलंय." आत्तींनी टॅब जवळ घेतला. त्या नेहमीप्रमाणे अक्षर लावत, मोठ्याने वाचू लागल्या. "वर्षाराणी तोडकर. ताई, आम्ही दवाखान्यातूनच बघतोय. अंशूला दोन सलाईन झाले. आत्ता जरा डोळे उघडलेत. डबा इथंच हाय. सत्त्व... सत्त्व चालू ठेवू का?"

वाचून झाल्यावर आत्तींचा हात सवयीने सुपाकडे गेला आणि तिथेच थांबला.

पातेल्यातली पेज उकळायला लागली होती. तिचे बुडबुडे फुटल्याचा आवाज येत होता. वहिनींनी कॅमेऱ्याकडे बघितलं नाही. कॅमेऱ्याच्या वर, माझ्याकडे बघितलं. त्यांचं हसू चेहऱ्यावर तसंच होतं, फक्त डोळे हलले होते. पाचशे चार. पाचशे सहा.

"डॉक्टरांना विचारा हं ताई," वहिनी म्हणाल्या. "बाकी सत्त्व तसं पचायला..."

आत्ती वहिनींकडे बघत नव्हत्या. चष्म्यावरून त्या माझ्याकडे बघत होत्या. "विनया," त्या म्हणाल्या, पाचशे लोकांसमोर, जणू घरात कुणीच नव्हतं, "तुझा प्रयोग झाला का?"

मी फोनला वळसा घातला. दीड वर्षात पहिल्यांदा मी त्या बाजूला गेले. पातेल्याखालचा गॅस बंद केला. आत्तींच्या टॅबवर माझा चेहरा लहान आणि घामेजलेला दिसत होता. त्याखालून नावं सरकत होती. त्या नावांत मी एकच नाव शोधलं आणि सापडल्यावर त्याच्याशी बोलले.

"वर्षाराणीताई, मी विनया. हे पेज मी चालवते. तुम्ही एकट्या नाही आहात. अकरा जणींनी हेच लिहिलं होतं, ते तुम्हाला दिसलं नाही, कारण ते मी लपवलं होतं. तुमचं काही चुकलेलं नाही. डबा आत्ता डॉक्टरांच्या हातात द्या. सत्त्व बंद करा. सगळ्यांनी बंद करा."